दात आहेत तोवर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



रेडिओचं एक बरं असतं. इथं बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. टक्कल दिसत नाही, सदऱ्याचा उसवलेला खिसा दिसत नाही. पण एक गोष्ट मात्र रेडिओवर लपत नाही. माणसाचे दात ऐकू येतात. आज तुम्हाला माझा 'त' आणि 'द' स्वच्छ ऐकू येत असेल, तर त्याचं श्रेय माझ्या गळ्याला नाही. ते आमच्या हिमायतनगरच्या एका दातांच्या डॉक्टरताईंना आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए. पर्यंत. पोटापाण्यासाठी शाळेसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान. अशा माणसानं दातांवर काय बोलावं, असं तुमच्या मनात येईल. माझा अधिकार एवढाच, की मी दात गमावले आहेत आणि गमावल्यावर त्यांची किंमत मला कळली आहे.

व्याकरणाच्या पुस्तकात आपण शिकलो, त, थ, द, ध, न ही दंत्य अक्षरं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. मराठीत तर याहून एक नाजूक गंमत आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहायला दोन्ही सारखेच. बोलताना मात्र दुसऱ्या 'जग'मधला 'ज' जिभेला दातांपाशी नेतो. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी पायरियानं माझे वरचे समोरचे दोन दात गेले. त्यानंतर एका कविसंमेलनात मी एक कविता वाचायला उभा राहिलो. तिच्यात हे दोन्ही 'जग' एका ओळीत आले होते. माझ्या तोंडातून दुसऱ्या 'जग'ऐवजी नुसती हवा बाहेर आली. पुढच्या रांगेतलं एक पोरगं फिस्सकन हसलं. त्याच्या आईनं त्याला गप्प केलं, त्यानं मला जास्त लाज वाटली. त्यानंतर दोन वर्षं मी कुठंही कविता वाचली नाही. बोलावणं आलं की तब्येतीचं निमित्त सांगायचो. तब्येत ठणठणीत होती. फक्त दोन दात नव्हते.

हे असं का झालं, याचा हिशेब मी नंतर मांडला. माझ्या लहानपणी हिमायतनगर हे हदगाव तालुक्यातलं एक मोठं खेडं होतं. आमच्या घरात अब्बा कडुनिंबाची काडी चावायचे. कधी कुणी हजहून आलं, तर पीलूच्या झाडाची मिस्वाक मिळायची. मिस्वाकची ताकीद खुद्द पैगंबरसाहेबांनी केलेली, म्हणून ती डोळ्यांना लावून घ्यायची. अम्मी मात्र मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजायची, तो कुटून काळी पूड करायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटानं दातांवर घासत बसायची. शेजारच्या काकू राखुंडी घ्यायला आल्या की दोघींचं मिसरीवर बोलणं चालायचं. मिसरीनं दात बळकट होतात, असा दोघींचाही विश्वास होता. दोघींच्याही तोंडात पन्नाशीनंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. तंबाखूनं हिरडी बधिर होते आणि दुखणं कळत नाही. त्या बधिरतेलाच त्या बिचाऱ्या बळकटी समजत होत्या.

आणि मी? वजू करताना दिवसातून पाच वेळा चूळ भरणारा मी. पण रात्री झोपण्याआधी दात घासायचे असतात, हे मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

चौदाव्या वर्षी माझी दाढ दुखायला लागली. तेव्हा आमच्याकडे दातांचा डॉक्टर म्हणजे बाजारात धडपा अंथरून बसणारा माणूस. समोर काढलेल्या दातांचा ढीग, तीच त्याची पाटी. त्यानं सांडशी फडक्याला पुसली, माझं डोकं गुडघ्यात धरलं आणि दाढ उपटली. निम्मी आली, निम्मी आत राहिली. बारा दिवस गाल सुजून राहिला. दुखणं थांबलं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, सुटला बाबा. ती दाढ वाचली असती, हे कुणाच्या मनातही आलं नाही. दात दुखला की काढायचा, एवढंच वैद्यकशास्त्र आम्हाला ठाऊक होतं.

दोष आमच्या लोकांना तरी कसा द्यावा? हे शास्त्र आपल्या देशात उशिरा आलं आणि आमच्या भागात त्याहून उशिरा पोचलं. डॉ. रफिउद्दीन अहमद नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यक शिकून आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज सुरू केलं. त्याची एक मौजेची गोष्ट सांगतात. कॉलेज चालवायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी कलकत्त्यात सोडा-फाउंटनचं दुकान काढलं आणि त्याच्या कमाईवर कॉलेज उभं केलं. म्हणजे गोड सरबतांच्या पैशातून दातांची विद्या! पुढं १९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला आणि शिकलेला कोण, न शिकलेला कोण, हे ठरू लागलं. आमच्या मराठवाड्यात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंत महाविद्यालय निघालं ते १९८२ मध्ये. कलकत्त्यापासून मराठवाड्यापर्यंत यायला या विद्येला बासष्ट वर्षं लागली. नंतर लातूरला, नांदेडलाही कॉलेजं झाली. आज तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना दिसतो, तो या लांबच्या वाटेनं आलेला आहे.

तर आमच्या गावात एक तरुण डॉक्टरताई आल्या आणि त्यांनी दवाखाना टाकला. मला त्या चाचा म्हणतात. मुलीनं हट्ट केला म्हणून मी तिथं गेलो. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते कोपऱ्यातल्या एका भांड्याकडे. मी विचारलं, हा कुकर इथं कशाला? ताई हसल्या. म्हणाल्या, "चाचा, कुकरच समजा. याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. यात वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटं हत्यारं राहतात. एकाच्या तोंडातला आजार दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून." हत्यारं पाकिटात बंद होती. माझ्यासमोर त्यांनी पाकीट फोडलं. मला फडक्याला पुसलेली ती सांडशी आठवली. श्रोतेहो, कुठल्याही दवाखान्यात गेलात तर खुर्ची किती गुबगुबीत आहे, एसी आहे का, हे बघण्याआधी एवढं विचारा, की हत्यारं कशात उकळता? विचारण्यात काही अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला तो प्रश्न आवडतो.

दुसरी गोष्ट, त्यांनी लगेच हत्यार उचललंच नाही. एक बारीक कॅमेरा तोंडात फिरवला आणि समोरच्या पडद्यावर मला माझंच तोंड दाखवलं. पंचेचाळीस वर्षं ज्या तोंडानं खाल्लं, बोललो, शेर म्हटले, ते मी आतून पहिल्यांदा पाहिलं. दातांच्या मुळाशी पिवळट दगडासारखा थर बसलेला. हिरड्या लाल, सुजलेल्या. ताई म्हणाल्या, "हा थर ब्रशनं निघत नाही. हा काढला नाही तर हिरडी सुटत जाते, हाड झिजतं आणि चांगला दातसुद्धा हलायला लागतो. तुमचे दोन दात किडीनं गेलेले नाहीत. ते असे गेले."

मी म्हटलं, पण मशिननं दात साफ केले की ते हलायला लागतात म्हणतात. दाढ काढली की डोळे जातात म्हणतात. त्यांनी शांतपणे समजावलं. डोळ्यांची नस वेगळी, दाताची नस वेगळी. दाढेनं नजर जात नाही. बहुतेक लोकांच्या दाढा पन्नाशीला निघतात आणि चष्माही त्याच सुमाराला लागतो, म्हणून दोन्हींची सांगड बसली. आणि सफाईनंतर दात हलल्यासारखा वाटतो, कारण तो आधीच हलत असतो, दगडी थरानं फक्त धरून ठेवलेला असतो. मला हे पटलं. अंगाला घट्ट बसलेली सगळीच सवय आधार नसते, हे कवीला समजायला हवं होतं.

त्यानंतर माझं तिथं जाणं-येणं वाढलं. दुकान दुपारी रिकामं असतं, तेव्हा मी बाकावर जाऊन बसायचो आणि दवाखाना कसा चालतो ते बघायचो. बाहेरून वाटतं, दाताच्या डॉक्टरला काय, एकदा दात काढला की पैसे. आतली गोष्ट वेगळी आहे. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्सरे, सगळं कर्जावर. वीज गेली की अर्ध्यावर आलेला पेशंट तोंड उघडून बसलेला, म्हणून इन्व्हर्टर. आमचा तालुका विदर्भ आणि तेलंगणाच्या कडेला. बाजाराच्या दिवशी कुणी मराठी बोलणारा, कुणी तांड्यावरची गोरमाटी बोलणारी बाई, कुणी तेलुगू, कुणी आमच्यासारखा दखनी. ताई प्रत्येकाच्या बोलीतले चार शब्द शिकल्या आहेत. दुखतं कुठं, कधीपासून, गरम लागतं की गार, एवढं त्याच्या बोलीत विचारलं की माणूस अर्धा बरा होतो.

पण सगळ्यात मोठी अडचण मला वेगळीच दिसली. लोक येतात ते दुखणं असह्य झाल्यावर. तोवर लवंग, तंबाखूची चिमूट, मेडिकलवरून आणलेली गोळी, सगळं करून झालेलं असतं. कीड छोटी असताना सिमेंट भरून जे काम एका बैठकीत झालं असतं, ते आता रूट कॅनॉलवर जातं. त्याला बऱ्याचदा दोन-तीन वेळा यावं लागतं. यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवसाचा रोज बुडतो. पहिल्या बैठकीत दुखणं थांबतं, की माणूस पुन्हा येत नाही. अर्धवट राहिलेला दात चार-सहा महिन्यांनी फुटतो. मग तो गावात सांगतो, मशिननं दात फुटला. म्हणून लांबून आलेल्या पेशंटचं काम ताई जमेल तेवढं एकाच दिवसात करायचा प्रयत्न करतात, त्यासाठी दुपारचं जेवण टळलं तरी चालतं. आणि त्यांच्या टेबलावर एक जाड रजिस्टर असतं. नाव, गाव, फोन आणि पुढची तारीख. तारीख उलटली की दवाखान्यातला मुलगा फोन करतो, "मामा, दुखत नसलं तरी या."

त्या रजिस्टरमध्ये शेवटी दोन रकाने आहेत. 'काढला' आणि 'वाचवला'. महिनाअखेरीला ताई त्यांची बेरीज करतात. पहिल्या वर्षी पहिला रकाना भरभरून वाहायचा आणि दुसऱ्यात बोटावर मोजण्याइतक्या खुणा. आता दुसरा हळूहळू पुढं सरकतो आहे. मी एकदा गमतीनं विचारलं, "बेटी, सगळ्यांचे दात चांगले राहिले, तर तुझं कर्ज कोण फेडणार?" त्या म्हणाल्या, "चाचा, तुमच्या दुकानात पुस्तक घ्यायला कोण येतं? ज्याला वाचता येतं तो. माझ्याकडेही ज्याच्या तोंडात दात आहेत तोच येणार. सगळे काढून टाकलेला माणूस माझ्याकडे कशाला येईल?" आधुनिक दवाखाना म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

एकदा त्यांनी मला शाळेत नेलं. मुलांची तोंडं तपासायची होती आणि मी चिठ्ठ्या लिहायला. तिथं मला एक गोष्ट कळली, ती प्रत्येक आईबापानं गाठीला बांधावी. मूल साधारण सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते. ती कुठलाही दात न पाडता गुपचूप येते, म्हणून घरच्यांना वाटतं तीही दुधाचीच. किडली तर किडू दे, पडणारच आहे! पण ती पडणारी नसते. ती कायमची असते, जन्मभर पुरायची असते. त्या दिवशी आम्ही तपासलेल्या मुलांत याच दाढेला कीड लागलेली पोरं एकामागून एक निघत होती. माझी बाजारात उपटलेली दाढ कोणती होती, हे मी ताईंना विचारलं. त्यांनी जीभ लावून जागा दाखवायला सांगितली आणि म्हणाल्या, "तीच."

परत येताना त्या माझ्या दुकानापाशी थांबल्या. काउंटरवरच्या बरणीकडे बोट करून म्हणाल्या, "चाचा, ही गोड सुपारी पोरांना कशाला विकता?" मी म्हटलं, यात तंबाखू कुठं आहे? त्या म्हणाल्या, "तंबाखू लागतच नाही. तोंड आखडायला सुपारी पुरेशी आहे."

श्रोतेहो, इथं मला एक कबुली द्यायची आहे. ती बरणी तर पुढची गोष्ट. त्याआधी कितीतरी वर्षं माझ्या दुकानाच्या दारात गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. शाळेसमोर. २००२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा मी त्या काढल्या. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात ती बंदी टिकली नाही, तेव्हा मी त्या पुन्हा टांगल्या. कायदा नाही म्हणत नाही ना, मग मी कशाला म्हणू, असा माझा हिशेब होता. २०१२ च्या जुलैत पुन्हा बंदी आली, तेव्हा कायमच्या काढल्या. वह्या विकून जेवढं सुटायचं, त्याहून जास्त त्या माळांतून सुटायचं. मी त्या पैशातून एक कवितासंग्रहही छापला.

त्या शाळेतला एक मुलगा होता. आवाज असा, की गणपतीत, ईदच्या मिलापात, सगळीकडे त्यालाच गायला लावायचे. दहावीत असताना तो माझ्याकडूनच पुडी घ्यायचा. पुढं तो गाडी चालवू लागला, रात्री जागायला दिवसाला पंधरा-वीस पुड्या. मागच्या काही वर्षांत त्याचं तोंड उघडेना झालं. तिखट लागलं की आग, आणि घास भरवावा तसा चमचा आत सरकवायचा. ताईंनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितलं. निरोगी माणसाची जातात. त्याचं एक बोट कसंबसं गेलं. गालांच्या आत दोऱ्यांसारखे पांढरे पट्टे झाले होते. आजार थोपवता येतो, व्यायाम आणि औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहे. पण आखडलेला गाल पहिल्यासारखा होत नाही, आणि अशा तोंडात पुढं कर्करोगाची भीती असते, म्हणून त्याला तपासणीला नांदेडला पाठवलं. सुदैवानं अजून तसं काही निघालेलं नाही. तो आता गात नाही. मला त्यानं कधी एका शब्दानं बोल लावला नाही. रस्त्यात दिसला की अजून सलाम करतो. तेच मला जड जातं.

हे दुखणं आज-काल कळलेलं नाही. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सोबतच्या दंतवैद्यांनी साठीच्या दशकातच खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासायला सुरुवात केली होती. आपल्या पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाखावर माणसं! बॅटरी आणि आरसा घेऊन, ओट्यावर, अंगणात बसून. अशा पाहण्यांतून तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचं आणि कर्करोगाचं तंबाखूशी असलेलं नातं जगासमोर आलं. पुढं याच मंडळींनी केरळ, गुजरात आणि आंध्रातल्या सुमारे ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना वर्षानुवर्षं भेटून समजावलं. ज्यांना असं समजावलं, त्यांच्यात तंबाखू सोडणारे जास्त निघाले आणि नवे चट्टे कमी झाले. म्हणजे तोंड तपासणाऱ्या माणसानं आपुलकीनं सांगितलेलं वाया जात नाही, हे सिद्ध झालेलं आहे. तरीही २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर चार मोठ्या माणसांमागं जवळपास एक जण तंबाखू खाणारा किंवा दातांना लावणारा निघाला. बंदीनंतरही पुडी कुठं आणि कशी मिळते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या बाजूला आणखी एक दुखणं आहे. शेजारच्या किनवट तालुक्यात कितीतरी बोअर-हापशांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर ते नसावं. पक्के दात हिरडीत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, मूल असं पाणी पीत राहिलं, तर दात पांढरे खडूसारखे किंवा पिवळे-तपकिरी डागांचे येतात. पुढं हाडांवरही परिणाम होतो. अशा गावची मुलगी बघायला पाहुणे आले की ती ओठ मिटून बसते. लोक म्हणतात, दात घासत नसेल. तिनं कितीही घासले तरी तो डाग जाणार नाही, कारण तो दाताच्या आत आहे आणि त्याचा गुन्हेगार हापसा आहे. पाणी उकळून हे फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यानं दाट होतं. उपाय दुसऱ्या स्रोताचं पाणी, पावसाचं साठवलेलं पाणी किंवा शुद्धीकरणाचं यंत्र. आणि गंमत बघा, हेच फ्लोराइड टूथपेस्टमध्ये माफक असलं तर दात किडीपासून वाचवतं. मीठ जसं, तसंच हे. चिमूटभर हवं, मूठभर नको. म्हणून अशा गावांत लहान मुलांना कोणती पेस्ट द्यायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी दुखणी, एवढी गरिबी, एका दवाखान्यानं काय होणार? याचं उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. टेंभुर्णी नावाचं आमचं एक गाव. तिथं सरपंच प्रल्हाद पाटील यांनी घराघराचं सांडपाणी जिरवायला शोषखड्डे करून घेतले. उघड्या गटारी गेल्या आणि गटारींबरोबर डासही गेले. पुढं तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून नावाजला गेला. त्या गावानं डास मारायला औषधाचा पंप घेतला नाही, डासाला घरच ठेवलं नाही. दातांचंही असंच आहे. तोंडातली घाण रात्रभर साचू दिली नाही, की किडीला घर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात जवळपास साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही विकार आहे. साडेतीन अब्ज खुर्च्या कुठून आणणार? म्हणूनच २०२३ मध्ये आपल्या सरकारनं सचिन तेंडुलकरला पुढं करून 'स्वच्छ मुख अभियान' काढलं. अभियान मुंबईत निघतं, पण चालवायचं आपल्या मोरीत असतं.

ताईंनी मला जे शिकवलं, ते थोडक्यात सांगतो. रात्री झोपण्याआधी दात घासलेच पाहिजेत. एक वेळ सकाळचं चुकलं तर चालेल, रात्रीचं नको. कारण झोपेत लाळ कमी होते आणि किडीला मोकळं रान मिळतं. ब्रश मऊ घ्या, भांडी घासल्यासारखे दात घासू नका. पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावरच्या लहान मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लागत नाही. हिरडीतून रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका, ते घासणं कमी पडल्याचं लक्षण असतं. साखरेची बिमारी असेल तर हिरड्यांना जास्त जपा, कारण दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट पडला, तर फेकू नका. मुळाला हात न लावता तो दुधात टाका आणि तासाच्या आत डॉक्टर गाठा. पुष्कळदा तो परत बसतो. तोंडात कुठलाही पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर घरी बसू नका. आणि सहा महिन्यांनी, वर्षानं, दुखत नसताना एकदा दाखवून या.

पैशाचं म्हणाल, तर एका रूट कॅनॉल आणि त्यावरच्या कॅपच्या पैशात चार माणसांच्या घराला दोन-तीन वर्षं ब्रश आणि पेस्ट पुरते. मी दुकानदार आहे, हिशेब करून सांगतो. आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. चणे मिळणं न मिळणं नशिबाच्या हाती असेल. दात मात्र बरेचसे आपल्या हाती आहेत.

माझ्या दुकानाच्या काउंटरवर आता ती बरणी नाही. तिच्या जागी लहान मुलांचे ब्रश ठेवले आहेत. खरं सांगायचं तर खप सुपारीएवढा नाही. पण मधल्या सुट्टीत कुणी पोरगं येऊन विचारतं, "चाचा, मऊवाला कोणता?" तेव्हा बरं वाटतं.

माझे दोन दात ताईंनी बसवून दिले. पहिल्या दिवशी मी घरी आरशासमोर उभा राहून 'जग, जग' असं म्हणत होतो. बायको म्हणाली, एवढं काय बडबडताय? मी म्हटलं, बारकं काम चाललंय. मग पुन्हा कविसंमेलनाचं बोलावणं आलं आणि मी गेलो. तीच कविता वाचली. यावेळी ओळ पूर्ण आली.

तो मुलगाही आला होता, मागं उभा होता. संपल्यावर जवळ आला आणि जेवढं उघडतं तेवढ्या तोंडानं म्हणाला, "चाचा, आज साफ ऐकू आलं." मी त्याचा हात धरून त्याला बाजूला नेलं आणि विचारलं, पुढच्या तपासणीची तारीख कधी आहे? तो म्हणाला, सोमवारी. म्हटलं, मी येतो सोबत.

या सोमवारी आम्ही दोघं नांदेडला जाणार आहोत. तुमच्याही घरात कुणाची अशी तारीख राहून गेली असेल, तर त्याला सोबत घेऊन जा.